उन्हाळ्यात अजिंठा सकाळी लवकर उघडा

संपादक महोदय,

मे महिन्यात मी अंबाजोगाईहून एकटीच गाडी चालवत छत्रपती संभाजीनगरला गेले आणि तिथे मुक्काम करून आसपासची ठिकाणं पाहिली. शाळेत चित्रकला शिकवते, त्यामुळे सलग सुट्टी मिळते ती उन्हाळ्यातच. निघताना घरी-दारी सगळ्यांनी सांगितलं, ‘एवढ्या उन्हात लेणी कशाला? पावसाळ्यात जा.’ शहागडचा पूल ओलांडून पुढे एका रसवंतीवर थांबले, तर तिथल्या मावशींनीही आधी ‘सोबत कुणी नाही का?’ विचारलं आणि मग हेच सांगितलं. पण मराठवाड्यातल्या शिक्षकाला, विद्यार्थ्याला, मुलाबाळांच्या आईबापाला मोकळा वेळ मिळतो तो याच दिवसांत. म्हणून हे पत्र.

वेरूळ उन्हाळ्यात निवांत पाहता येतं, हे मी अनुभवानं सांगते. तिथलं फाटक सकाळी सहाला उघडतं. लेणी डोंगराच्या पश्चिमेकडच्या कड्यात कोरलेली आहेत. सूर्य डोंगरामागून वर येतो, त्यामुळे सकाळी बराच वेळ तिथे सावली असते. कैलास लेण्याच्या जोत्यावरचे हत्ती मी पायरीवर बसून वहीत काढले, तेव्हा टेकलेला दगड गार लागत होता. दक्षिणेच्या बाजूला रावण कैलास हलवतो ते शिल्प आहे, तिथेही मनासारखं थांबता आलं. ऊन अंगावर यायला लागलं तोवर माझं पाहून झालं होतं. देवगिरीचा किल्लाही असाच सकाळच्या गारव्यात चढले. खुलताबादला भद्रा मारुतीचं दर्शन घेतलं, मलिक अंबरच्या कबरीपाशी थोडं थांबले आणि दुपारी खोलीवर परतले.

अजिंठ्याला हे जमत नाही, कारण तिथलं फाटक नऊ वाजता उघडतं. शहरापासून लेणी साधारण शंभर किलोमीटर. पहाटे निघून फुलंब्री, सिल्लोड करत घाट उतरला की फाटक उघडायच्या कितीतरी आधी माणूस फर्दापूरला पोचतो. गाडी तिथे फाट्यावरच ठेवावी लागते, पुढचे चारेक किलोमीटर बसने. लेण्यांजवळ धूर नको म्हणून ही व्यवस्था आहे आणि ती मला पटते. पण बस, तिकीट, पायऱ्या यांतून वर जाईपर्यंत मे महिन्यातला दहाचा सूर्य डोक्यावर असतो. वाघूर नदीच्या घोड्याच्या नालासारख्या वळलेल्या दरीत वारा फिरत नाही आणि काळा कातळ तापत जातो. चित्रांच्या लेण्यांत जाताना चपला बाहेर काढाव्या लागतात. तापलेल्या दगडावर पाय टेकवत नाही, म्हणून लहान मुलं आईच्या कडेवर चढून रडताना मी पाहिली.

याहून मोठं नुकसान डोळ्यांचं होतं. रंग टिकावेत म्हणून लेण्यांत उजेड मुद्दाम मंद ठेवलेला आहे. बाहेरच्या लख्ख उन्हातून आत शिरलं की पहिली काही मिनिटं नुसता काळोख दिसतो. डोळा अंधाराला पुरता सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि बाहेर जितकं ऊन कडक तितका जास्त वेळ. एका वेळी ठराविकच माणसं आत सोडतात, मागे रांग तिष्ठत असते, म्हणून ‘चला, पुढे चला’ सुरू होतं. पहिल्या लेण्यात गाभाऱ्याकडे जाताना डावीकडे पद्मपाणी बोधिसत्त्वाचं चित्र आहे. माझ्यासमोर एक अख्खं कुटुंब त्याच्यासमोरून ‘काहीच दिसत नाही’ म्हणत निघून गेलं. मी एकटी असल्यामुळे कुणाची घाई नव्हती. खांबाच्या आडोशाला उभी राहिले. आधी मुकुट दिसला, मग खाली झुकलेल्या पापण्या, मग बोटांत धरलेलं निळं कमळ. भुवईची ती एका दमात ओढलेली रेघ मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढून दाखवते, आणि तिथे ती भिंतीवर पाहताना मला भरून आलं. जे कुटुंब निघून गेलं त्यातल्या मुलीला हे दिसायला हवं होतं.

सकाळी सातला बाहेरचा उजेड मऊ असतो, डोळा लवकर सरावतो. गर्दीही दोन-अडीच तास जास्तीची वेळ मिळाल्यामुळे विखुरली जाईल. त्याचा चित्रांनाही फायदा आहे. तूस आणि तंतू घातलेल्या मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात देऊन तो वाळल्यावर ही चित्रं रंगवली आहेत. दाटीवाटीने उभ्या माणसांच्या श्वासाची दमट हवा त्यांना सोसत नाही.

आणि उन्हाळा अजिंठ्याला परका नाही. जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी दहाव्या लेण्यात शिरला आणि खांबावर नाव कोरून गेला, ती तारीख 28 एप्रिल 1819 आहे.

माझी मागणी एवढीच आहे. एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत अजिंठ्याचं फाटक सकाळी साडेसहाला उघडावं आणि फर्दापूर फाट्यावरून पहिली बस त्याआधी सुटावी. बस लवकर नसेल तर फाटक उघडून उपयोग नाही, म्हणून लेणी सांभाळणारं आणि बस चालवणारं, अशा दोन्ही खात्यांनी एकत्र बसून ठरवावं. दुपारी बंद ठेवा असं मी म्हणत नाही, लांबून आलेल्यांची फजिती होईल. कर्मचाऱ्यांवर ताण नको, तर दोन पाळ्या कराव्यात. लेण्यांसमोरच्या वाटेवर, चपला काढायच्या जागी, तागाच्या पट्ट्या अंथरून त्यांवर पाणी मारावं आणि मध्ये दोन-तीन ठिकाणी पिण्याच्या पाण्याचे माठ ठेवावेत. सोमवारची सुट्टी आहे तशीच राहू द्या.

पुढच्या मे महिन्यात हे झालं, तर आमच्या शाळेतली चित्रकलेच्या परीक्षेला बसणारी मुलं आदल्या रात्री फर्दापूरला मुक्कामाला आणायची माझी तयारी आहे. पालकांशी मी बोलले आहे.

– एक चित्रकला शिक्षिका, अंबाजोगाई (जि. बीड)