कर्नलसाहेबांचे शुद्धलेखन

संपादक महोदय, स. न. वि. वि.

वृत्तपत्रस्वातंत्र्याची चर्चा निघाली की मला ‘शिकागो ट्रिब्यून’ या अमेरिकी दैनिकाचे सर्वेसर्वा रॉबर्ट मॅकॉर्मिक (१८८०-१९५५) हटकून आठवतात. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये तोफखान्यात काम करून आलेले हे गृहस्थ पुढे जन्मभर ‘कर्नल’ म्हणूनच मिरवले. त्यांच्या डिव्हिजनने १९१८ मध्ये जिंकलेल्या कँतिन्यी गावाचे नाव त्यांनी आपल्या वाडीला दिले.

माणूस हेकट. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्यावर तर त्यांचा कायमचा दात! पण मिनेसोटातल्या एका ज्यूद्वेष्ट्या, भडक साप्ताहिकाला कोर्टाने टाळे ठोकले, तेव्हा अपिलाचा खर्च याच कर्नलनी उचलला. १९३१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती बंदी उठवली. अमेरिकेत छापण्याआधीच तोंड दाबण्याला चाप बसला तो या निकालाने.

मला मात्र खरी गंमत वाटते ती त्यांच्या शुद्धलेखनाची. १९३४ मध्ये ‘ट्रिब्यून’ने इंग्रजी स्पेलिंग सोपे करायला घेतले; त्यात ‘आयलंड’ या शब्दातला मुका ‘एस’ गेला, ‘थ्रू’ची (through) शेपटी छाटून ‘thru’ केले गेले. शाळेत मुलांचे गुण कापले जात असतील, पण कर्नल हटले नाहीत. त्यांच्या पश्चात वीस वर्षांनी, १९७५ मध्ये पेपरने ‘थ्रू’ची शेपटी परत जोडली. आपल्याकडे १९६२ च्या नियमांनी ‘नांव’वरचे न उच्चारले जाणारे टिंब काढले. माझे वडील मात्र शेवटपर्यंत ते देतच राहिले.

– एक वाचक, सातारा