अंदाज तुमचा, साकव आमचा

मा. अर्थमंत्री महोदय, महाराष्ट्र राज्य,
यांस स. न. वि. वि.

२०२५चा अर्थसंकल्प १० मार्चला आला आणि तीनच दिवसांनी आमच्याकडे होळी उभी राहिली. शिमग्यात पालखी घरोघर फिरून आली की सहाणेवर, म्हणजे पालखी बसवायच्या चौथऱ्यावर, गावकी हिशोबाला बसते. ती वही माझ्याकडे असते. अंदाजापेक्षा मांडवाला दोन हजार जास्त गेले तरी मुंबईकर मंडळी चारचौघांत जाब विचारतात. तेव्हा तूट म्हणजे काय, ते मला थोडंफार कळतं.

आता तुमची वही. फेब्रुवारी २०२४च्या अंतरिम अर्थसंकल्पात २०२४-२५ची महसुली तूट, म्हणजे चालू खर्चाला महसूल कमी पडतो ती, ९,७३४ कोटी. जूनमध्ये, लाडकी बहीण योजना आली तेव्हा, २०,०५१ कोटी. सुधारित अंदाजात २६,५३६ कोटी. आणि २०२५-२६साठी थेट ४५,८९१ कोटी. वर त्याच वर्षी जूनअखेर ५७ हजार कोटींच्या पुरवणी मागण्या, म्हणजे अंदाजाबाहेरच्या खर्चासाठी मधेच मागितलेले पैसे! गावकीत अशी वही ठेवली असती तर पुढच्या शिमग्याला ती माझ्या हातात राहिली नसती.

विरोधक म्हणतात, तिजोरीत खडखडाट. सरकार म्हणतं, राजकोषीय तूट (सगळ्या खर्चासाठी काढावं लागणारं कर्ज) राज्याच्या स्थूल उत्पन्नाच्या तीन टक्क्यांच्या आत आहे, काळजी नको. दोघंही खरं बोलतात, फक्त वेगवेगळ्या तुटीबद्दल. कलमं लावायला काढलेलं कर्ज वेगळं आणि घरखर्चाला काढलेलं वेगळं. महसुली तूट ही दुसऱ्या जातीची. (आज ओरडणारे सत्तेत होते तेव्हा त्यांनाही पुरवण्या लागायच्याच.)

माझी तक्रार तुटीबद्दल नाहीच. कपातीबद्दल आहे, कारण ती कोणी केली हे कधी कळतच नाही. सणाला रेशनवर मिळणारा आनंदाचा शिधा २०२५च्या गणपतीत मिळाला नाही, ते निदान डोळ्यांना दिसलं. बाकीची कपात गुपचूप होते. आमच्या वाडीच्या पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, साकव (छोटा पूल) मंजूर आहे. प्रशासकीय मान्यतेचा कागद मी स्वतः पाहिलाय. चौकशीला गेलं की उत्तर ठरलेलं, ‘काम रद्द नाही, हेडवर बजेट नाही.’ आधीच्या कामांची बिलं अडकलीत म्हणून ठेकेदारही फिरकत नाही. आणि आमच्याकडे बांधकामाचा हंगाम दिवाळीपासून मेपर्यंतच. जूनमध्ये पऱ्या भरला की त्यात पाया कोण खणणार? पैशांचा एक हप्ता लांबला म्हणजे आमचं अख्खं वर्ष गेलं.

तोवर आम्ही पोफळीची खोडं आडवी टाकतो. त्यावरून पोरं शाळेत जातात. माझी वहिनी महिन्याचे दीड हजार काढायला त्यावरूनच जाते. त्या पैशांतून तिची रक्तदाबाची गोळी येते, त्यामुळे ती योजना बंद करा असं मी म्हणणार नाही आणि कोणी म्हटलं तर ऐकूनही घेणार नाही. पण तिच्या दीड हजारासाठी तिचाच साकव थांबला असेल, तर ते तिला तोंडावर सांगायला हवं. कदाचित ती म्हणेल, चालेल. कदाचित दुसरंच काहीतरी बोलेल. तिला विचारलंय कोणी?

मागणी एवढीच. मार्चमध्ये तुटीचा आकडा वाचाल, त्याच दिवशी यंदा कोणत्या कामांना पैसे नाहीत त्याची तालुकावार यादी लावा. बांधकाम खात्याच्या दारावर लावा, पंचायत समितीत लावा. आमचा साकव त्यात असला तर शिव्या देऊ, पण निदान हेलपाटे वाचतील.

यंदासाठी पोफळीची दोन खोडं तोडून ठेवली आहेत. तिसरं तोडायचं की थांबायचं, तेवढं मे संपायच्या आत कळवा.

आपला,
वहीवाला, एक ग्रामस्थ
ता. गुहागर, जि. रत्नागिरी