‘अजून काही त्रास नाही ना?’

संपादक महाशय,

डॉक्टरांना भाषा, साहित्य, इतिहास शिकवणं म्हणजे चैन, असं सांगणारा लेख कालच्या अंकात वाचला. मानव्यविद्या म्हणजे डॉक्टरांनी गोड बोलायला शिकणं, एवढाच अर्थ लेखकाने घेतला आहे, आणि त्यासाठी वेळ कुठे आहे, असं विचारलं आहे. मुद्दा गोड बोलण्याचा नाहीच, रोगाचं निदान चुकण्याचा आहे.

तपासणी आटोपताना हमखास विचारलं जातं, ‘अजून काही त्रास नाही ना?’ त्या ‘ना’ने उत्तर आधीच ठरवून टाकलेलं असतं. रुग्ण ‘नाही’ म्हणतो आणि उठतो. लघवीतून गेलेलं रक्त, जिना चढताना छातीवर येणारं दडपण, ज्यासाठी तो मुळात आला ते दाराशी गेल्यावर बाहेर पडतं, किंवा पडतच नाही. समाजशास्त्रज्ञ जॉन हेरिटेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये अमेरिकेत नेमका हाच प्रश्न तपासला. ‘नाही’ची अपेक्षा ठेवणाऱ्या ‘एनिथिंग एल्स’च्या जागी ‘हो’ला वाव देणारं ‘समथिंग एल्स’, बदल एका शब्दाचा. एकाहून जास्त तक्रारी घेऊन आलेल्या रुग्णांच्या, न बोलताच राहून जाणाऱ्या तक्रारी ७८ टक्क्यांनी कमी झाल्या आणि भेटीचा वेळ फारसा वाढला नाही. मराठीत ‘आणखी काय सांगायचं राहिलंय?’ असं विचारून थांबावं. थांबणं महत्त्वाचं, कारण याच क्षणी डॉक्टरांची नजर कागदाकडे वळते आणि रुग्ण गप्प होतो.

वेळेचंही तसंच. रुग्ण बोलायला लागल्यावर डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत त्याला तोडतात, असं १९८४ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं. पुढे स्वित्झर्लंडमध्ये ३३५ रुग्णांना न अडवता बोलू दिलं, तर ते सरासरी ९२ सेकंदांत स्वतःहून थांबले. दीड मिनिट! एवढ्याला आपण ‘वेळ नाही’ म्हणतो.

‘चक्कर येते’ हे वाक्य घ्या. एका शब्दाखाली चार गोष्टी दडलेल्या असतात: घर फिरणं, डोळ्यांपुढे अंधारी, तोल जाणं, नुसतं डोकं हलकं वाटणं. यातली कोणती, असं विचारून भागत नाही, कारण थोड्या वेळाने पुन्हा विचारलं तर तोच रुग्ण अनेकदा वेगळं उत्तर देतो. विचारायचं ते गोष्ट ऐकणाऱ्यासारखं: सुरुवात कशी झाली, तेव्हा काय करत होता, किती वेळ टिकली? कूस बदलल्यावर अर्धा-एक मिनिट घर फिरतं, तर बहुधा आतल्या कानातले कण जागचे हललेले असतात. ते तपासणीच्या टेबलावर डोकं ठरावीक क्रमाने वळवून जागेवर आणता येतात, त्यासाठी सहसा एमआरआय लागत नाही. उभं राहताना अंधारी येत असेल, तर आधी झोपवून आणि मग उभं करून रक्तदाब मोजा, चालू गोळ्या पाहा. हे सगळं रुग्णाच्या दोन वाक्यांत असतं, पण ती दोन वाक्यं पुरी होऊ द्यावी लागतात.

भेटीच्या शेवटी पुन्हा तोच ‘ना’ येतो: ‘समजलं ना?’ संधिवातावरची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती रोज घेतली गेली तर तोंडात व्रण होतात, पांढऱ्या पेशी घटतात, जीवही जाऊ शकतो. ‘समजलं ना’ला ‘हो’ म्हणणाऱ्यांतही अशी चूक होते. त्यापेक्षा विचारा, ‘मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. ही गोळी कोणत्या वारी घेणार?’ रुग्णाने वाराचं नाव घेतलं तरच निरोप पोचला. तोच वार चिठ्ठीवर लिहून द्यावा.

शब्दांचाच विषय निघाला आहे, म्हणून आपल्या वृत्तपत्राबद्दलही एक तक्रार. त्याच अंकात आतल्या पानावर ‘कर्करोगाशी झुंज अपयशी’ असा मथळा आहे. उपचार आता गुण देत नाहीत, वेदना कमी करण्यावर भर देऊ, असं सांगायची वेळ येते, तेव्हा असेच मथळे वाचत आलेले नातेवाईक विचारतात, ‘म्हणजे आम्ही हार मानायची?’ मग शेवटच्या आठवड्यांतही सुया आणि नळ्या चालूच राहतात. पेशींवर औषध चाललं नाही, यात त्या माणसाचं अपयश कुठे आलं? कृपया यापुढे ‘कर्करोगाने निधन’ असं छापा.

आपला,
वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवणारा एक वाचक