सूचना : रविवारी रोपं नकोत, एक निरीक्षण आणा

सभासदांनो, नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी साडेआठला नेहमीच्या गच्चीवर जमायचं आहे. रोपांची अदलाबदल या वेळी नाही. आठवडाभरात स्वतःच्या कुंडीत पाहिलेली एकच गोष्ट प्रत्येकाने सांगायची. फोटो नसला तरी चालेल, पण पाहिलेलं स्वतःचं हवं, फॉरवर्ड नको!

माझं आत्ताच सांगून टाकते. गेला महिना घरात आजारपण होतं, झोप नीट नव्हती. पहाटे चहा घेऊन बाल्कनीत बसायचे. कढीपत्ता कुणीतरी कुरतडलेला. चिडून पान उलटलं, तर पक्ष्याची शीट वाटावी अशी अळी. शेवटची कात टाकल्यावर तीच हिरवीगार झाली. काडीने हलकेच डिवचलं तर डोक्यामागून लालसर दुहेरी शिंग काढून उग्र वास सोडला. (एकदाच डिवचलं, पुन्हा नाही.) रोज पाच मिनिटं तिच्यापाशी जायची आणि तेवढा वेळ डोक्यात औषधांच्या वेळा नसायच्या.

म्हणून विनंती : लिंबू-कढीपत्त्यावर अशा अळ्या दिसल्या तर लगेच फवारणी करू नका, त्या फुलपाखराच्या असतात. २०१५ पासून आपलं राज्य फुलपाखरू असलेलं नीलवंतही याच कुळातल्या झाडांवर अंडी घालतं. रोप अगदीच लहान असेल तर अळी मोठ्या झाडावर हलवा.

गुलबक्षी असलेल्यांनी ती संध्याकाळी नेमकी किती वाजता उमलते, ते घड्याळ लावून बघून या. चहा आहे, कप आपापला.