पांढऱ्या नंबर प्लेटची गाडी देऊन ‘ग्राहकाने बुकिंग रद्द केले’ अशी नोंद केल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
सेल्फ ड्राइव्ह गाड्या, नाशिक शाखा

दि. २ सप्टेंबर

महोदय,

६ ऑगस्टला पहाटे पाच वाजता नाशिकच्या मुंबई नाक्यावर तुमच्या माणसाने आमच्यापुढे सात आसनी गाडी आणून उभी केली. तिला पांढरी नंबर प्लेट होती. आम्ही ती घेतली नाही. तुम्ही मात्र ‘ग्राहकाने ऐनवेळी बुकिंग रद्द केले’ अशी नोंद करून ४२,००० रुपये भाड्यातले २१,००० कापून घेतलेत. ही नोंद खोटी आहे.

आम्ही सहा जण कॉलेजपासूनचे मित्र. नाशिकहून पुणे, कोल्हापूर, हुबळी, बंगळूरू, मदुराई करत कन्याकुमारी, आणि येताना केरळ, मंगळूर, गोवा असा किनाऱ्याचा रस्ता, हे चार महिने घोळवून ठरवले होते. तुमची मर्यादा रोज ३०० किलोमीटरची, म्हणजे बारा दिवसांचे ३,६००. आमचा फेरा साधारण ३,५०० चा होत होता. तो मर्यादेत बसावा म्हणून हंपी मनावर दगड ठेवून वगळली. मुक्काम, चालवायच्या पाळ्या, डिझेलचा खर्च, सगळे वहीत मांडले होते.

बुकिंग करताना मी फोनवर दोनदा विचारले होते की गाडी काळ्या प्लेटची आहे ना आणि परराज्यात चालेल ना. ‘हो सर, ऑल इंडिया परमिट आहे’ असा तुमचा मेसेज आला. त्याची प्रत सोबत जोडली आहे.

स्वतः चालवायला भाड्याने देण्याच्या गाडीला काळी प्लेट आणि त्यावर पिवळी अक्षरे लागतात, हे या धंद्यात असणाऱ्याला मी सांगायला नको. पांढरी प्लेट म्हणजे खासगी नोंदणी. मी तिथेच सरकारच्या एमपरिवाहन ॲपवर नंबर टाकून पाहिला, तिथेही गाडी खासगीच निघाली. खासगी गाडीच्या विम्यात ती भाड्याने दिलेली चालत नाही. उद्या सेलमच्या पुढे कुठे अपघात झाला असता तर विमा कंपनी दावा नाकारू शकली असती, आणि परमुलखात आम्ही सहा जण कोणाच्या तोंडाकडे पाहणार होतो? हे विचारल्यावर तुमचा माणूस म्हणाला, “दादा, कोणी विचारत नाही. अडवलंच तर मित्राची गाडी आहे म्हणून सांगा.” पाच राज्यांच्या पोलिसांशी खोटे बोलायचे आणि त्यासाठी भाडेही आम्हीच भरायचे, हे मला पटले नाही. त्या पोराला मी दोष देत नाही. त्याला जे शिकवले तेच तो बोलला.

नंतर कार्यालयातून फोन आला की तारीख पुढे घ्या, सप्टेंबरअखेर काळ्या प्लेटची गाडी देतो. आमच्यातला एक जण निफाडचा द्राक्ष बागायतदार आहे. सप्टेंबरच्या शेवटी छाटणी सुरू झाली की माल निघेपर्यंत त्याला बाग सोडता येत नाही. आम्ही ऑगस्ट निवडला होता तो त्याच्यासाठीच. अखेर आम्ही पाच जण एकाच्या छोट्या गाडीतून गोव्यापर्यंत जाऊन आलो. सहा जण आणि सामान त्यात मावत नव्हते, तेव्हा या बागायतदार मित्रानेच स्वतःहून जागा सोडली. तो मुंबई नाक्यावरून बॅग घेऊन एसटीने निफाडला परत गेला. बाकी खर्चाचे काही नाही, पण ही गोष्ट मला अजून सलते.

तेव्हा कापलेले २१,००० रुपये परत करा, शिवाय कन्याकुमारी आणि कोची इथल्या मुक्कामांचे बुडालेले ६,४०० रुपये द्या. पावत्या जोडल्या आहेत. बुकिंग तुमच्यामुळे रद्द झाले अशी दुरुस्त नोंद मला लेखी पाठवा. आणि तुमच्या जाहिरातीत काळ्या प्लेटची गाडी दाखवून ग्राहकाच्या हाती पांढऱ्या प्लेटची देणे आजपासून बंद करा. आमच्यानंतर ती गाडी दुसऱ्या कोणाला दिली असेल तर त्यांना विम्याबद्दल सांगितले होते का, हेही कळवा.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवस वाट पाहीन. त्यानंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे सेवेतील त्रुटी व अनुचित व्यापारी प्रथेची तक्रार करीन. गाडीचे फोटो आणि नंबरची माहिती प्रादेशिक परिवहन कार्यालयालाही देईन.

आपला ग्राहक,
इंदिरानगर, नाशिक

सोबत: बुकिंगची पावती, मेसेजची प्रत, नंबर प्लेटचे फोटो, मुक्कामाच्या पावत्या