हजेरी नावानं घेतली

शाळेच्या गावाहून, ता. रेणापूर
बुधवार, २५ नोव्हेंबर २०२०

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

फोनवर आई लगेच जेवणावर येते, बाबा 'बरंय' म्हणून फोन तिच्याकडं देतात आणि सांगायचं ते राहून जातं. म्हणून कागद घेतला.

आधी कबुली देतो. मुख्यालयी राहायचा आदेश-बिदेश काही आलेला नाही. हेडसर उलट म्हणाले, "कशाला खोली करता, अंबाजोगाई काय लांब आहे?" खोली मीच बघितली. लक्ष्मीपूजनाला लांबूनच तुमच्या पाया पडलो, तेव्हा ॲडव्हान्स देऊन झाला होता. खोटं बोललो, कारण खरं सांगितलं असतं तर आई, तू रडली असतीस आणि मी राहिलो असतो.

१९ तारखेचा कोरोनाचा स्वॅब निगेटिव्ह आला हे खरंच आहे. पण ती चिठ्ठी त्या दिवसापुरती. सोमवारपासून नववी-दहावीची लेकरं येतायत, कोणाच्या घरी कोण खोकतंय हे संमतीपत्रावर लिहिलेलं नसतं. बाबांची शुगर, दोन वर्षांमागचा स्टेंट. शिवाय थंडीत मोटारसायकलवर रोजचं जाणं-येणं, पेट्रोलही वाचतं. (पेट्रोलचं ऐकून आरती हसली. तिच्यापासून काही लपत नाही.)

खरं कारण वेगळंच आहे. चेकपोस्टच्या ड्यूटीपासून रोज संध्याकाळी मी अंगणात उभा, आईची गरम पाण्याची बादली तुळशीपाशी, आणि परीला आत धरून ठेवलेलं. बाबा, ऑगस्टमध्ये आमच्या सोबतचे सर गेले त्या दिवशी तुम्ही पायरी उतरून माझ्याकडं आलात. हात खांद्यापर्यंत आला होता. मी मागं सरकलो. तुम्ही तो हात तसाच वळवून दोरीवरचा टॉवेल काढलात, जसं काही टॉवेलच काढायचा होता. असं रोज मागं सरकणं मला आता जमणार नाही. लांब राहिलो तर निदान सरकावं तरी लागणार नाही.

इथलं सगळं ठीक आहे. खोली पत्र्याची आहे, पण मालकांनी आतून थर्माकोल लावलाय. पाणी एक दिवसाआड येतं, दोन बॅरल भरून ठेवलेत. मालकीणबाई सकाळी दोन भाकरी आणि पातळ भाजी देतात, दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवून हाक मारतात. रात्री मी येसराची आमटी करतो. पहिल्या दिवशी गुठळ्या झाल्या, काल जमली. गोधडी तुझीच आणलीय, आई, जुन्या निळ्या लुगड्याची. परीला सांगू नका, पण तिचा एक मोजाही बॅगेत आलाय, तो परत देणार नाही.

आता शाळेचं. तापमान बघायची बंदूक, ऑक्सिमीटर, एका बाकावर एकच जण, जास्तीत जास्त चार तास, आणि शिकवायचं ते गणित, विज्ञान, इंग्रजी. दहावीच्या पटावर ४२, पहिल्या दिवशी आली ११. रविवारी रात्री मला झोप नव्हती. लेकरांची भीती वाटावी याची लाज वाटत होती. स्टाफरूममध्ये कळलं, सगळ्यांचं तेच. एक मॅडम तर गेटपाशी येऊन दहा मिनिटं स्कूटीवरच बसून होत्या. मग आम्ही सगळेच बाहेर लिंबाखाली जाऊन, लांब लांब उभं राहून चहा प्यालो. कोणी धीर-बीर दिला नाही, नुसतं 'मलापण' म्हणत गेलो. बरं वाटलं.

वर्गात गंमत झाली. मार्चमध्ये नववीत होती ती पोरं. तोंडाला मास्क, त्यात आठ महिन्यांत आवाज फुटलेले. "हजर सर" कोण म्हणतंय तेच कळेना. एकानं तर त्याच्या वडलांच्याच आवाजात उत्तर दिलं, मी दचकलो.

बाबा, तुम्ही त्र्याण्णवच्या भूकंपानंतर हजेरी नंबरानं घ्यायला लागलात. तेव्हा मी तिसरीत होतो, मला वाटायचं लवकर उरकावं म्हणून. किल्लारीकडची ती पत्र्याची शेड, आणि शाळेतून आल्यावर न जेवता बसणारे तुम्ही, हे सोमवारी एकदम आठवलं. माझ्या पटावरचे काही आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेत, ते उन्हाळ्यात परततील. पण १७ नंबरच्या पोरीचं नाव घेतलं आणि मागून आवाज आला, "सर, तिचं लगीन झालं." पंधराची पोर. भूमिती तिच्याइतकी कोणाला यायची नाही. मी फळ्याकडं वळलो आणि तारीख लिहीत बसलो, चांगली कोरून कोरून. तरी हजेरी नावानंच घेतली. तुमचं चुकलं असं म्हणत नाही हो. तुमच्या पटावरची नावं वेगळी होती.

आता ऐका. इन्सुलिन फ्रीजच्या दारात नको, आतल्या कप्प्यात. ऑक्सिमीटरची बोटाची जागा पुसून घ्यायची, आकडा ९४ च्या खाली दिसला तर 'हात गार होता' असली कारणं चालणार नाहीत, आरतीला सांगायचं. पेपर वाचायला पारावर बसणं बंद. आई, पाडव्याला देवळं उघडली म्हणून तू पिशवी काढून ठेवलीस हे मला कळलंय. मार्गशीर्षातलं योगेश्वरीचं नवरात्र यंदा घरूनच. देवी रागावणार नाही. रागावली तर माझं नाव सांग.

पत्र ताईला वाचून दाखवू नका, ती पुण्याहून मलाच फोन करून ओरडेल.

येसर संपत आलंय. एसटीत कोणाच्या हाती डबा देऊ नकोस. रविवारी अकराला मीच येतो, फाटकाबाहेर उभा राहीन. डबा ओट्यावर ठेव, तुम्ही दोघं पायरीवर बसा आणि परीला मांडीवर घट्ट धरा. फाटकाची कडी आतून लावलेली असू दे. मी म्हणालो तरी काढू नका.

तुमचा,
बाळू