काढलेली कृत्रिम रक्तवाहिनी भट्टीत जाऊ नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील महाधमनीच्या शस्त्रक्रियांवरचा लेख वाचला. शस्त्रक्रियेचे वर्णन नेमके आहे. मात्र खराब झालेल्या धमनीच्या जागी बसवायची पॉलिएस्टरची कृत्रिम नळी ‘एकदा बसवली की जन्मभर टिकते’ हे विधान, परळच्या गिरणीत आणि पुढे एका खासगी प्रयोगशाळेत कापड तपासण्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्याला अपुरे वाटले. बहुतेक रुग्णांत ती टिकते, याबद्दल दुमत नाही. पण ती नळी मुळात कापड आहे, आणि कापड कशाने थकते याची चौकशी ते कापड विणण्या-तपासण्यात आयुष्य काढलेल्यांकडे कोणी करत नाही.

या नळीचा जन्मच कापडाच्या दुकानातला. अमेरिकन शल्यविशारद आर्थर व्हूरहिस यांनी 1952 साली विनियॉन या कृत्रिम धाग्याच्या कापडी नळीचे प्रयोग प्रसिद्ध केले. पुढे ह्यूस्टनचे शल्यविशारद डॉ. मायकेल डिबेकी नायलॉन आणायला दुकानात गेले, ते संपले होते म्हणून डेक्रॉन घेऊन आले आणि घरच्या शिवणयंत्रावर त्यांनी नळ्या शिवल्या. नायलॉन शरीरात लवकर कमजोर होतो हे नंतर कळले, म्हणजे दुकानातला तुटवडा पथ्यावरच पडला. डेक्रॉन म्हणजे आपल्याकडे ज्याला टेरिलिन म्हणत, तेच पॉलिएस्टर.

नळी दोन तऱ्हांनी बनते. मागावर विणलेली नळी घट्ट असते, तिच्यातून रक्त कमी झिरपते आणि दाबाखाली तिचा व्यास फारसा वाढत नाही. पण कापलेली किनार उसवते, म्हणून ती उष्णतेने वितळवून बंद करावी लागते. निटिंगची नळी मऊ असते आणि तिला टाके घालणे सोपे जाते. परंतु सदऱ्याचे कापड आणि बनियन यांत जो फरक, तोच इथेही: निटिंगमधले फास दाबाखाली आपली जागा बदलतात आणि रक्तप्रवाह सुरू झाल्यावर नळी दहा-वीस टक्के रुंदावू शकते. हा सुरुवातीचा फुगवटा म्हणजे बिघाड नव्हे. तो वर्षानुवर्षे वाढत राहिला तर मात्र काळजीचा विषय होतो, आणि तो वाढतो आहे की नाही हे सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनच्या जुन्या-नव्या मापांची तुलना केल्यावरच समजते. पहिले मापच नोंदलेले नसेल तर पुढची तपासणी जवळजवळ निरुपयोगी ठरते.

नवी नळी फोडायला लागणारा दाब रक्तदाबाच्या कितीतरी पट असतो. तेव्हा नळी दाबाने ‘फुटते’ ही समजूत बाजूला ठेवावी. मिनिटाला 72 ठोके धरले तर वर्षाला सुमारे पावणेचार कोटी आणि दहा वर्षांत 38 कोटींच्या आसपास हेलकावे हे कापड सोसते. त्यात सूत किंचित सरकते, तंतू एकमेकांवर घासतात आणि एकेक तुटत जातात. शस्त्रक्रियेत दातेरी चिमटा लागला असेल तर त्या जागी दुखापत आधीच झालेली असते. जोडावरची गोष्ट वेगळी. धमनी आणि पॉलिएस्टर एकजीव होत नाहीत, त्यामुळे तिथला भार शेवटपर्यंत टाक्याच्या दोऱ्यावरच राहतो. पूर्वी रेशमी दोरा वापरत. तो काही वर्षांत कमजोर होऊन जोडावर फुगे येत, म्हणून पॉलिप्रॉपिलीनचा दोरा आला. आता मांडीतून सरकवायच्या स्टेंट-ग्राफ्टमध्ये, म्हणजे धातूच्या तारेचा सांगाडा असलेल्या नळीत, कापड मुद्दाम पातळ ठेवतात, कारण ते बारीक नळीत घडी होऊन मावले पाहिजे. तिथे धातूची तार कापडाला घासून भोक पडण्याचा नवाच धोका उभा राहतो.

हे सारे कळले ते शरीरातून काढलेल्या नळ्या जपून तपासल्यामुळे. फ्रान्समधील स्ट्रासबुर्गच्या संशोधकांनी अशा नळ्यांवरील पेशी धुऊन काढून कापड सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा निटिंगच्या काही नळ्यांत तंतू विशिष्ट रेषांवरच तुटलेले आढळले: विणीचे दोन भाग जिथे जोडले जातात ती रेषा, आणि नळीला पीळ पडू नये म्हणून शल्यविशारदाच्या सोयीसाठी घातलेली काळी खूणरेषा. म्हणजे खुणेसाठी घातलेला धागाच कमकुवत जागा ठरला! प्रयोगशाळेतली चाचणी हे सहज दाखवत नाही, कारण तिथे नळी सरळ ताणलेली असते आणि शेजारी चुनखडीसारखी कडक झालेली धमनी नसते.

आपल्याकडे मात्र काढलेली नळी रुग्णालयाच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीतून भट्टीत जाते. वैद्यकीय उपकरणांपासून झालेल्या अपायाची नोंद करण्यासाठी 2015 पासून राष्ट्रीय योजना आहे, परंतु अर्ज भरला तरी कापडाचा तुकडा कुठे पाठवायचा हा प्रश्न उरतोच. धाग्याचे टोक पाहून तो ताणाने तुटला, घासून तुटला की रासायनिक क्रियेने ठिसूळ होऊन तुटला, हे सांगणे कापड-परीक्षकाचे नित्याचे काम आहे. घाटकोपरची बीटीआरए आणि वरळीची सस्मिरा या कापड-संशोधन संस्था आणि माटुंग्याच्या व्हीजेटीआय या अभियांत्रिकी संस्थेचा वस्त्रविभाग ज्या शहरात आहेत, तिथे परळच्या मोठ्या रुग्णालयांनी त्यांच्याशी करार करायला काय अडचण आहे? खर्चाचे कारण मला पटत नाही. शस्त्रक्रियेच्या बिलापुढे ही तपासणी किरकोळ आहे.

करार होईपर्यंतही शल्यविशारदांना काही गोष्टी करता येतील. रुग्ण किंवा नातेवाइकांची लेखी संमती घेऊन नळी फॉर्मॅलिनमध्ये ठेवावी, उकळू किंवा ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) करू नये, आणि चिकटलेली ऊती ओरबाडून काढू नये, कारण त्यात खरे तुटलेले तंतू आणि आपण तोडलेले तंतू यांतला फरक पुसला जातो. हृदयाकडचे टोक कोणते हे दोरा बांधून दाखवावे. बाटलीवर बसवल्याची व काढल्याची तारीख, उत्पादकाचा लॉट क्रमांक, विणीचा प्रकार आणि काढताना चिमटा कुठे लावला ती जागा, एवढे लिहिलेले असले की परीक्षकाला काम सुरू करता येते.

आपला,
एक निवृत्त कापड-परीक्षक
लालबाग, मुंबई